चहाची दोन पंचांगं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरात बारा महिने एकच चहा होतो, आलं घातलेला, दुधाचा. मे महिन्यात तो नकोसा होतो, पण सवय सुटत नाही. पावसाळ्यात डब्यातल्या पुडीचा वासच जातो. लेकीनं सहलीहून दार्जिलिंगचं महागडं पाकीट आणलं, ते नेहमीसारखं उकळून दूध घातलं तर पाणचट लागलं, आणि आता अर्धं पाकीट फडताळात पडून आहे. ऋतूप्रमाणे चहा बदलायचा तर सुरुवात कुठून करायची?

आमच्या धंद्यातली एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. चहाला हंगाम असतो, आंब्याला असतो तितकाच पक्का. तो तुम्हाला कधी जाणवला नाही, कारण तो जाणवू नये यासाठीच माझ्यासारखी माणसं राबत असतात. मी कोल्हापुरात गेली 31 वर्षं चहाची पूड विकतो आणि मिश्रणं बांधतो. जूनमध्ये नेलेलं फॅमिली मिक्श्चर आणि डिसेंबरमध्ये नेलेलं, दोन्ही जिभेला सारखंच लागलं पाहिजे, अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. आसामचा माल जूनमध्ये दाट आणि रसाळ येतो, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये भरपूर येतो पण पातळ. मग मी त्यात कधी उत्तर बंगालातल्या डुआर्सची ममरी, म्हणजे दाणेदार चहा, वाढवतो, कधी रंगासाठी डस्ट, म्हणजे बारीक भुकटी, कधी वासासाठी दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांतला चहा. चव सपाट राहते आणि गिऱ्हाईक खूश होतं. रोजच्या चहाला हे योग्यच आहे. पण ऋतू चाखायचा असेल तर या सपाट चवीच्या बाहेर थोडं यावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. चहाची दोन पंचांगं असतात. एक झाडाचं, तिकडे आसाम-दार्जिलिंग-निलगिरीच्या मळ्यांत चालणारं. दुसरं पिणाऱ्याचं, इथे आपल्या स्वयंपाकघरात चालणारं. खुडणी, कारखाना, लिलाव, वाहतूक हे सगळं होऊन माल आपल्यापर्यंत यायला महिना-दोन महिने जातात. आणि एवढ्या उशिरामुळेच ही दोन पंचांगं सुरेख जुळतात. मार्च-एप्रिलमध्ये खुडलेला हलका दार्जिलिंग आपल्याकडे ऐन उन्हाळ्यात पोहोचतो. मे अखेरीस आणि जूनमध्ये तयार झालेला आसामचा दमदार चहा जुलै-ऑगस्टच्या झडीत हाती येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा तांबूस दार्जिलिंग थंडीत येतो, आणि निलगिरीचा हिवाळी चहा फाल्गुनात, ऊन तापायला लागताना. जो चहा जेव्हा ताजा येतो तो तेव्हाच प्यावा, यापलीकडे मोठा नियम नाही. पण बारीकसारीक गोष्टी बऱ्याच आहेत.

पावसाळा

मृग तोंडावर आलाय, म्हणून इथूनच सुरू करतो. दुधाच्या चहाचा खरा ऋतू हाच.

आसामात वर्षाची पहिली खुडणी मार्चमध्ये होते, पण तिथल्या चहाचा कस दिसतो तो दुसऱ्या बहरात. धंद्यात त्याला सेकंड फ्लश म्हणतात. या मालाचं पाणी लालसर, दाट उतरतं, आणि त्याला भाजलेल्या धान्यासारखा एक गोडसर वास असतो. दुधाखाली न दबणारा चहा हाच. तुमची ममरी म्हणजे सीटीसी, दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून केलेला दाणा. ही पद्धत 1930 च्या दशकात आसामातच निघाली. दाणा लवकर उतरतो, कडक उतरतो, पण वासाचा नाजूक भाग त्यात बराचसा जातो. म्हणून पावसाळ्यात मी घरी एक युक्ती करतो. रोजची ममरी नेहमीसारखी उकळतो, आणि गॅस बंद केल्यावर आसामच्या सेकंड फ्लशचं अख्खं पान, म्हणजे ऑर्थोडॉक्स, दोन कपांना अर्धा चमचा टाकून दोन मिनिटं झाकून ठेवतो. रंग आणि जोर ममरीचा, वास पानाचा. 100 ग्रॅमचं एक पाकीट अख्खा पावसाळा पुरतं. खर्च फार नाही आणि फरक पहिल्याच कपात कळतो.

दोन कपांचं माझं माप असं: दीड कप पाणी, अर्धा इंच आलं, दोन लहान चमचे ममरी म्हणजे साधारण 5 ग्रॅम. पाणी उकळल्यावर आलं ठेचून आधी टाका आणि मिनिटभर उकळू द्या, मग पूड, मग दोन मिनिटांनी गरम दूध. आल्याला घाई करू नका. कच्च्या आल्यात दूध फाडणारं पाचक द्रव्य असतं, उकळीनं ते निकामी होतं. ज्यांचा आल्याचा चहा अधूनमधून फुटतो त्यांनी एवढा क्रम पाळला तरी बहुतेक वेळा पुरतं. दूध घातल्यावर एक उकळी, फार तर दोन. दहा-दहा मिनिटं रटरटवलेला चहा कडक लागतो, पण ते कडकपण तुरटपणाचं असतं. आमच्या गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर धार काढून मिळणारं म्हशीचं दूध असेल तर ते अर्ध्या कपाच्या वर नको. म्हशीच्या दुधात स्निग्धांश 6-7 टक्के असतो, तो जिभेवर साय धरतो आणि पुढे चहा कळतच नाही.

गवती चहा याच दिवसांत. परसात, कुंडीत, जिथे असेल तिथे त्याची पाती आता फोफावेल. कोवळी पाती नको. बाहेरची हिरवीगार जुनी पाती घ्या, चार-पाच पात्यांची जुडी करून गाठ मारा आणि पाणी थंड असतानाच टाका. गाठीमुळे ती गाळताना त्रास देत नाही. कोकणातल्या माझ्या आत्याकडे पातीच्या चहात पूड जेमतेम पाव चमचा असायची, आणि मला अजूनही तेच प्रमाण बरोबर वाटतं. पातीचा वास हवा असेल तर पुडीनं मागे सरायला हवं.

आता वास उडण्याबद्दल. कारखान्यातून निघताना चहात ओलावा 3 टक्क्यांच्या आसपास असतो. इतकी कोरडी वस्तू मिळेल तिथून ओल शोषते, आणि ओलीबरोबर वासही. दुकानाच्या दुसऱ्याच पावसाळ्यात मी आसामची एक उघडलेली पेटी मिरचीच्या पोत्यांजवळ ठेवली होती. आठवड्याभरात वीस किलो माल ठसका लागेल असा झाला आणि सगळा खतात गेला. तेव्हापासून माझा नियम कडक आहे. चहाचा डबा मसाल्याच्या फळीवर नको, गॅसजवळ नको, काचेच्या बरणीत तर नकोच, कारण उजेडानं वास मरतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा, तोही गच्च भरलेला. मोठ्या डब्यात तळाला दोन मुठी पूड राहिली की वरची हवाच ती खाते. चमचा कोरडा हवा, आणि वाफाळत्या पातेल्यावर डबा उघडा धरून पूड टाकायची सवय आजच सोडा, ओल तिथूनच शिरते. जून ते सप्टेंबर एका वेळी 250 ग्रॅमपेक्षा जास्त आणू नका. मऊ पडलेली पूड उन्हात वाळवू नका. ओल जाते, पण उरलासुरला वासही जातो.

याच ऋतूत दार्जिलिंगचा सेकंड फ्लशही येतो, आणि त्याची हकीकत मला फार आवडते. मे-जूनमध्ये तिथल्या पानांवर तुडतुडे आणि फुलकिडे येतात. आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे दिसले की बागायतदाराची झोप उडते, तो फवारणीला धावतो. तिथे मात्र तुडतुड्यानं रस शोषलेलं पान स्वतःच्या बचावासाठी काही सुगंधी द्रव्यं तयार करतं, आणि त्यातूनच पिकल्या द्राक्षांसारखा तो प्रसिद्ध वास येतो. त्याला मस्कटेल म्हणतात. दरवर्षी सारखा येत नाही, प्रत्येक मळ्यात येत नाही. पावसाची झड लागली की संपला. हा चहा दुधाशिवायच प्यायचा. संध्याकाळी पाऊस थांबून उजेड पिवळसर होतो, त्या वेळी मला तो लागतो.

एक सावधगिरी. दार्जिलिंग नावानं बाजारात बरंच काही विकलं जातं, शेजारच्या नेपाळचा चहाही त्यात असतो. तो चहा वाईट नसतो, पण तो दार्जिलिंग नव्हे. दार्जिलिंगला 2004 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, भारतातलं पहिलंच. पाकिटावर दोन पानं आणि कळी हातात धरलेल्या स्त्रीचं गोल चिन्ह शोधा.

ऑक्टोबर

या महिन्यात फार काही करू नये. ऊन चटका देतं, पित्त वाढतं, आणि आसामचा बाजारात असलेला माल पावसाळी खुडणीचा, पातळ असतो. दुधाच्या चहाला हात आखडता घ्या. निलगिरीचा कोरा चहा करा, उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब. लिंबानं रंग एकदम फिका पडतो, तेव्हा चहा बिघडला असं समजू नका, आंबटपणानं चहातली रंगद्रव्यं उजळतात एवढंच. उलट तुमच्याकडे बोअरचं जड पाणी असेल तर कोरा चहा काळपट आणि मंद होतो, वर तवंगही धरतो. कोरा चहा पिणाऱ्यानं पाण्याकडे पुडीइतकंच लक्ष द्यावं. दुधाच्या चहात पाण्याचे दोष झाकले जातात, इथे झाकायला काही नसतं.

थंडी

दिवाळीच्या पाडव्याला आमच्या बाजार समितीत गुळाचे सौदे निघतात आणि कोल्हापुरातल्या चहाची चव बदलते. नव्या गुळाचा चहा ज्यानं प्यायला त्याला साखरेचा पुढचे तीन महिने रुचत नाही. पण सगळ्यांची तक्रार एकच: फुटतो. गूळ किंचित आंबट असतो, जुना झाला की जास्तच, आणि उकळतं दूध तेवढ्याशा आंबटपणानंही फाटतं. म्हणून गूळ आणि दूध एकत्र उकळायचंच नाही. पाण्यात सुंठ, पूड, गूळ घालून उकळा आणि खाली उतरवा. दूध वेगळं तापवा, त्याची उकळी बसू द्या, मग ते चहात ओता. नंतर पातेलं पुन्हा गॅसवर चढवू नका. पाहुणे उशिरा आले तर गाळलेला कोरा गुळाचा चहा गरम करा आणि दूध ऐन वेळी घाला. गूळ पिवळाधमक शोधू नका, थोडा तपकिरी घ्या.

मसाल्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. बाजारच्या तयार चहा मसाल्यात लवंग आणि मिरी इतकी असते की खाली कुठली पूड आहे हे मलाही ओळखता येत नाही. घरी करा: सुंठ चार भाग, वेलची दोन भाग, दालचिनी एक भाग, मिरी अर्धा, लवंग त्याहून कमी. दोन कपांना चिमूटभर. ज्या दिवशी मसाला घालाल त्या दिवशी साधी ममरी वापरा, चांगला चहा त्यात वाया घालवू नका.

थंडीत चांगला चहा हवा असेल तर दार्जिलिंगचा शरदातला माल आणा, ऑटम फ्लश. पाणी तांब्याच्या रंगाचं, पहिल्या बहरासारखा तरतरीत नाही, पण गोल आणि उबदार. किंमतही बरीच कमी, कारण परदेशी गिऱ्हाईक पहिल्या दोन बहरांवर तुटून पडतं आणि याच्याकडे फारसं बघत नाही. दार्जिलिंगची ओळख करून घ्यायची असेल तर मी लोकांना आधी हाच देतो. नोव्हेंबर संपता संपता तिथली झुडपं थंडीनं झोपी जातात, आसामातही डिसेंबरपासून खुडणी थांबून छाटणी चालते.

काश्मिरी कावा आपल्याकडे हल्ली लग्नात मिळतो, पण घरचा निराळाच. हिरव्या चहाची चिमूट, दालचिनीचा तुकडा, दोन वेलच्या, केशराच्या चार काड्या, वरून बदामाचे काप. हिरवं पान यात शेवटी टाका, मसाल्याबरोबर उकळू नका. पान कांगड्याचं मिळालं तर घ्या. हिमाचलातल्या त्या खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चहा आहे. 4 एप्रिल 1905 च्या भूकंपानं मळे आणि कारखाने उद्ध्वस्त झाले, बरेच मळेवाले सोडून गेले, आणि तो चहा लोकांच्या विस्मरणात गेला. आजही थोडाच होतो. पण त्याची चव सौम्य आणि स्वच्छ आहे, आणि मला तो दुकानात ठेवायला आवडतो.

उन्हाळा

सवय सुटत नाही म्हणालात. सोडूच नका. सकाळचा पहिला कप मे महिन्यातही दुधाचाच राहू द्या, फक्त आल्याऐवजी वेलची आणि जायफळाचा एक घासा. बदलायचा तो दुपारी चारचा कप. मी आजवर ज्यांना ज्यांना सगळे कप एकदम बदलायला सांगितलं ते पंधरा दिवसांत जुन्यावर आले. चारचा कप बदलणारे टिकले.

निलगिरीत चहा बारा महिने खुडतात, पण डिसेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या, थंड रात्रींत वाढ मंदावते आणि पानात सुगंध साठतो. कधी दहिवर गोठतं, म्हणून त्याला फ्रॉस्ट टी असंही म्हणतात. गार चहासाठी हा सगळ्यात चांगला. आसामचा कडक चहा फ्रिजमध्ये ठेवला की गढूळ होतो, कारण थंडीत त्यातलं कॅफीन आणि तुरट द्रव्यं एकमेकांना धरून बसतात. निलगिरीचा मात्र थंड झाल्यावरही आरपार दिसतो. एका लिटरला 8 ते 10 ग्रॅम पान, साध्या गार पिण्याच्या पाण्यात, झाकून रात्रभर फ्रिजमध्ये. उकळायचं नाही, काही नाही. सकाळी गाळा. गार पाण्यात तुरटपणा फार कमी उतरतो, त्यामुळे साखरेची गरजही निम्म्यानं कमी होते. पुदिन्याची दोन पानं किंवा गवती चहाची एक पात बरोबर टाकली तरी चालते, दोन्ही नको. लिंबू पिताना.

आणि आता दार्जिलिंगचा पहिला बहर, फर्स्ट फ्लश. थंडीभर झोपलेल्या झुडपाला वसंतात पहिला पाऊस मिळाला की फेब्रुवारी अखेरीपासून कोवळे कोंब येतात. हे पान बराच वेळ सुकवतात, त्यामुळे ते पुढे पूर्ण काळं होतच नाही. तयार चहात हिरवट, तपकिरी, रुपेरी असे सगळे रंग मिसळलेले दिसतात. पाणी फिकट सोनेरी उतरतं, वास फुलांचा. असा चहा उकळला की फुलांचा वास वाफेबरोबर जातो. मग दूध घातलं की दुधातली प्रथिनं चहातल्या तुरट द्रव्यांना धरतात आणि उरलेली धारही बोथट होते. तुमच्या घरी नेमकं हेच झालं असणार. आसामात जोर इतका असतो की दुधाला पुरून उरतो, याच्यात तो नाही, आणि असावा अशी अपेक्षाही नको.

याची रीत सोपी आहे. एका कपाला 2 ग्रॅम. अख्खं पान हलकं असतं, त्यामुळे ममरीसारखा एक चमचा घेऊन चालत नाही, दोन लागतात. पाणी उकळा, गॅस बंद करा, मिनिट-दीड मिनिट थांबा. पान किटलीत किंवा झाकणाच्या भांड्यात, त्यावर पाणी, तीन मिनिटं झाकण, लगेच गाळा. चार मिनिटांवर गेला तर तुरट होतो. हिरव्या चहाला याहून थंड पाणी लागतं, 75-80 अंश. थर्मामीटर नको, उकळलेलं पाणी दोनदा भांडं बदलून ओतलं की साधारण तिथे येतं. हिरवा चहा कडू लागतो म्हणून सोडलेल्या माझ्या निम्म्या गिऱ्हाइकांनी तो उकळत्या पाण्यात केलेला असतो.

राहिलं तुमचं अर्धं पाकीट. ते उघडून एक चमचा पान पांढऱ्या कागदावर पसरा. गडद तपकिरी आणि मधूनच रुपेरी टोकं असतील तर तो सेकंड फ्लश आहे, झडीसाठी घट्ट डब्यात भरून ठेवा. हिरवट छटा दिसली तर पहिला बहर आहे. पाकिटावरची तारीख वर्षभराच्या आतली असेल आणि पान चुरगळल्यावर वास येत असेल तर पाऊस यायच्या आत संपवा. आज रात्रीच दोन मोठे चमचे अर्ध्या लिटर पाण्यात टाकून फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी गाळाल तेव्हा पान फेकू नका. त्याच दिवशी दुपारी त्याच पानावर नुकतंच उकळून जरा निवलेलं पाणी ओतून पाच मिनिटं झाका, चारचा कप त्यातून निघेल. लेक घरी असेल तर पहिला ग्लास तिला द्या, पाकीट तिनं आणलंय.